स्पर्धकाची माहिती आता सगळ्यांकडे आहे, मग कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सचं काम उरतं कुठे?

१९८१ च्या ऑगस्टमध्ये सोनीने माविका नावाचा, फिल्म न लागणारा कॅमेरा जगापुढे ठेवला. कोडॅकच्या पोटात गोळा येणं साहजिक होतं. कंपनीचा नफा प्रामुख्याने फिल्म, कागद आणि रसायनं यांवर उभा होता. कंपनीचे मार्केट इंटेलिजन्स प्रमुख व्हिन्स बराबा यांच्या विभागाने या संकटाचा रीतसर अभ्यास केला. डिजिटल उपकरणांच्या किमती किती वेगाने उतरतील, चित्राचा आणि छापील फोटोचा दर्जा कधी पुरेसा होईल, कॅमेरा, पडदा आणि प्रिंटर एकमेकांशी कधी जुळतील, असं एकेक अंग तपासून त्यांनी निष्कर्ष काढला: हे तंत्रज्ञान फिल्मचा धंदा गिळू शकतं, पण त्याला अजून साधारण दहा वर्षं लागतील. म्हणजे तयारीला तेवढा अवधी आहे.

अंदाज चांगलाच नेमका निघाला. कोडॅकने डिजिटलवर संशोधनही केलं, पण धंद्याचा भार फिल्मवरून वेळेत हलवला नाही. जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

स्पर्धकांचा आणि बाजाराचा वेध घेण्याच्या या व्यवसायाचं, म्हणजे कॉम्पिटिटिव्ह इंटेलिजन्सचं, पुढे काय होणार यावर हल्ली बरंच बोललं जातं. सूर बहुधा एकच असतो: एआय सगळं शोधून देईल, मग या लोकांची गरज काय? मला हा प्रश्न अर्धाच वाटतो. कोडॅकमध्ये माहिती शोधणाऱ्यांनी आपलं काम चोख केलं होतं. गाडं अडलं ते त्यापुढे, निष्कर्ष निर्णयाच्या टेबलावर पोचून तिथे काही हलायला हवं होतं तेव्हा. यंत्रं आज उचलतायत तो पहिला भाग. दुसऱ्याचं दुखणं जिथल्या तिथे आहे, आणि या व्यवसायाचं भवितव्य मला तरी त्या दुखण्याशीच बांधलेलं दिसतं.

काम नेमकं काय असतं

आधी एक गैरसमज दूर करू. ही हेरगिरी नाही. कायद्याने आणि सभ्य मार्गाने मिळू शकेल अशी माहिती जमवायची, ती पारखायची, तिचा अर्थ लावायचा आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्यासमोर वेळेत ठेवायची, एवढं हे काम. मार्केट रिसर्चशी त्याची गल्लत होते. मार्केट रिसर्च मुख्यतः ग्राहकाला काय हवंय ते विचारतो. इथे विचारलं जातं की समोरची कंपनी आत्ता काय करतेय, ती ते का करतेय आणि आपण अमुक पाऊल टाकलं तर ती काय उत्तर देईल.

गरज जुनीच आहे. सोळाव्या शतकात ऑग्सबुर्गचं फुगर हे सावकारी घराणं युरोपभरातून हस्तलिखित बातमीपत्रं मागवत असे, आणि १५६८ ते १६०५ या काळातली त्यातली हजारो पत्रं आजही व्हिएन्नात जपलेली आहेत. स्वतंत्र नोकरी म्हणून मात्र याला आकार आला तो १९८० च्या दशकात. हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९८० मध्ये स्पर्धकाचं पद्धतशीर विश्लेषण कसं करावं याची चौकट मांडली. मोटोरोलाचे प्रमुख बॉब गॅल्विन यांनी सीआयएत मोठी कारकीर्द केलेल्या जॅन हेरिंग यांना बोलावून कंपनीत असा विभाग उभा केला. १९८६ मध्ये या मंडळींची एससीआयपी ही संघटना अमेरिकेत स्थापन झाली. फ्रान्सने तर हा राष्ट्रीय धोरणाचा विषय मानला. या विषयावरचा १९९४ चा मार्त्र अहवाल आणि १९९७ मध्ये पॅरिसमध्ये सुरू झालेली 'आर्थिक युद्धशाळा' ही त्याची फळं.

काम कसं चालतं ते जवळून पाहिल्याशिवाय पुढचं बोलणं हवेत राहील. समजा, तुमची कंपनी रुग्णालयांसाठी इन्फ्युजन पंप बनवते, म्हणजे रुग्णाच्या शिरेत औषध ठरलेल्या वेगाने सोडणारं यंत्र. प्रतिस्पर्ध्याच्या नोकरीच्या जाहिरातींचा रोख काही महिन्यांत बदललेला दिसतो. पूर्वी मेकॅनिकल इंजिनिअर मागत होते, आता सायबर सुरक्षा जाणणारे आणि घरी वापरायच्या वैद्यकीय उपकरणांना मान्यता मिळवून देण्याचा अनुभव असलेले लोक मागतायत. पेटंटच्या नोंदी चाळल्या तर बॅटरी आणि वायरलेस जोडणीवर त्यांचे दोन नवे अर्ज सापडतात. पेटंटचा अर्ज साधारणपणे दाखल झाल्यावर १८ महिन्यांनी जाहीर होतो, त्यामुळे आज दिसणारा अर्ज दीड वर्षापूर्वी त्यांच्या प्रयोगशाळेत काय शिजत होतं ते सांगतो. आणि त्यांच्या वार्षिक अहवालातल्या जोखमींच्या यादीत एक नवी ओळ आलेली असते, एकाच पुरवठादाराकडून येणाऱ्या सुट्या भागांबद्दल.

हे धागे जोडले की चटकन एक गोष्ट उभी राहते: हे लोक रुग्णाच्या घरी वापरायचा पंप आणतायत. नवखा माणूस इथेच अहवाल लिहायला बसतो. मुरलेला माणूस थांबतो आणि इतर शक्यता मांडतो. रुग्णालयातल्या जुन्याच पंपाला नियामकाने सायबर सुरक्षेची अट घातली असेल आणि त्यासाठी ही भरती असेल. घरी वापरायची वैद्यकीय उपकरणं बनवणारी एखादी कंपनी ते विकत घेणार असतील. किंवा प्रकल्प केव्हाच गुंडाळला गेला असेल आणि पेटंटचा अर्ज तेवढा मागे उरला असेल.

मग तो विचारतो, या शक्यतांना एकमेकींपासून वेगळं करील असा पुरावा कोणता? घरचा पंप आणायचा तर घरोघरी जाऊन दुरुस्ती करणारी यंत्रणा लागेल, रुग्णाला आणि नातेवाइकांना वापर शिकवणाऱ्या परिचारिका लागतील. त्या भरतीचा मागमूस आहे का? नसेल तर पहिली गोष्ट बरीच ढिली पडते. सीआयएचे रिचर्ड्स ह्यूअर यांनी या विचाराला तक्त्याचं रूप दिलं: वरच्या ओळीत सगळ्या शक्यता, डाव्या बाजूला पुरावे, आणि प्रत्येक पुरावा कोणत्या शक्यतेशी जुळत नाही ते नोंदवत जायचं. यात एक गंमतशीर गोष्ट हाती लागते. वायरलेस जोडणीचं पेटंट बघताना फार रोमांचक वाटलं होतं. पण ते जवळजवळ सगळ्याच शक्यतांशी जुळतं, म्हणून निवाड्यासाठी त्याचा उपयोग शून्य. न झालेली परिचारिकांची भरती मात्र खूप काही सांगून जाते.

यंत्रांनी काय उचललं

वरच्या उदाहरणातलं शोधणं एकेकाळी आठवड्यांचं काम होतं. सरकारी कचेरीत जाऊन कागदांच्या छायाप्रती काढाव्या लागत, व्यापारी मासिकांची कात्रणं लावावी लागत. अमेरिकेत शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांची कागदपत्रं १९९६ पासून एडगर या सरकारी व्यवस्थेत सक्तीने ऑनलाइन येऊ लागली. २००३ मध्ये गूगल अलर्ट आले. नंतर क्लू, क्रेयॉन, अल्फासेन्स यांसारखी खास सॉफ्टवेअर आली, जी स्पर्धकाच्या संकेतस्थळावरचा किमतीचा आकडा बदलला तरी कळवतात. आणि २०२२ च्या अखेरीस चॅटजीपीटी आल्यापासून वाचणं आणि सारांश काढणं हेही यंत्राच्या अंगावर टाकता येऊ लागलं. पाच वर्षांच्या गुंतवणूकदार बैठकांचे वृत्तांत समोर टाका आणि विचारा, या कंपनीच्या प्रमुखांनी अमुक उत्पादनाबद्दल बोलणं कधी बंद केलं? काही मिनिटांत उत्तर.

यातला भाषांतराचा भाग मला सगळ्यात मोठा वाटतो आणि त्याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. कोरियन पेटंट, चिनी निविदा, जर्मन प्रादेशिक वृत्तपत्रातली कारखान्याच्या विस्ताराची बातमी, हे सगळं आधीही जाहीरच होतं, पण ती भाषा न जाणणाऱ्या विश्लेषकाला ते जवळपास बंद होतं. ते दार आता उघडलं आहे.

नजरेची कक्षाही वाढली. कच्चं तेल साठवणाऱ्या कित्येक मोठ्या टाक्यांचं छत तेलावर तरंगतं, म्हणजे तेलाच्या वर मोकळी जागा राहत नाही आणि बाष्पीभवन कमी होतं. तेल उपसलं की छत खाली जातं आणि टाकीच्या भिंतीची सावली त्या छतावर लांब पडते. उपग्रहाने टिपलेल्या चित्रात टाकीच्या आतली सावली आणि बाहेर जमिनीवरची सावली यांचं प्रमाण काढलं की टाकी किती भरलेली आहे याचा अंदाज बांधता येतो. जगभरच्या हजारो टाक्यांसाठी हे गणित संगणक करतो आणि तो आकडा विकला जातो. मोठ्या दुकानांबाहेरच्या गाड्या मोजून विक्रीचा अंदाज बांधण्याचा प्रकारही असाच.

पण हीच गोष्ट उलटूनही येते. तो आकडा विकला जातो म्हणजे तो तुमच्या स्पर्धकालाही विकला जातो. सगळ्यांकडे तीच सॉफ्टवेअर, तीच भाषिक मॉडेलं, तेच उपग्रह. पहिल्यांदा विकत घेणाऱ्याला काही काळ फायदा होतो, मग ती किमान पात्रता होऊन बसते. ज्या विभागाची सगळी इभ्रत दर सोमवारी निघणाऱ्या 'स्पर्धकांच्या बातम्या' या पत्रकावर उभी होती, त्याचं काम खरोखरच संपत आलंय आणि ते टिकवण्यासाठी फार धडपडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

यंत्राच्या मदतीचे तीन धोके इथेच सांगायला हवेत. पहिला सर्वांना माहीत आहे: भाषिक मॉडेल, म्हणजे चॅटजीपीटीसारख्या साधनामागचं यंत्र, नसलेली गोष्ट आत्मविश्वासाने सांगतं. २०२५ मध्ये डेलॉइट या सल्लागार कंपनीने ऑस्ट्रेलियाच्या सरकारला दिलेल्या एका अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ निघाले, आणि कंपनीला मानधनाचा काही भाग परत करावा लागला. दुसरा धोका बाहेर जाणाऱ्या माहितीचा. आपण यंत्राला प्रश्न विचारतो तेव्हा आपल्या पोटातलं बरंच काही त्याला सांगत असतो. कर्मचाऱ्यांनी संवेदनशील कोड चॅटजीपीटीत टाकल्याचं उघड झाल्यावर २०२३ च्या मे महिन्यात सॅमसंगने अशा साधनांच्या वापरावर बंदी घातली होती. विश्लेषकाचे प्रश्न तर कोडपेक्षाही बोलके असतात. एखादी कंपनी कोणत्या स्पर्धकाबद्दल काय विचारते यावरून तिचा पुढचा बेत ताडता येतो.

तिसऱ्याकडे अजून पुरेसं लक्ष गेलेलं नाही. उघडी माहिती आता गढूळ होत चालली आहे. यंत्राने लिहिलेली ग्राहकांची मतं, एकमेकांवरून उतरवलेले लेख, भरायचीच नसलेल्या पदांच्या जाहिराती. दहा ठिकाणी तीच गोष्ट दिसली म्हणजे ती दहा जणांनी स्वतंत्रपणे पाहिली असं पूर्वी निदान काही प्रमाणात धरता येत असे. आता त्या दहाही ठिकाणांचा उगम एकच असू शकतो. त्यात आपल्या जाहिराती वाचल्या जातात हे कंपन्यांनाही कळून चुकलंय, तेव्हा मुद्दाम चकवा देणारे संकेत पेरले जाणारच. उगमापर्यंत मागे जाऊन 'हे मुळात कोणी पाहिलं?' असं विचारणाऱ्या माणसाची किंमत त्यामुळे वाढतेय.

जे यंत्राला जमत नाही

सुरुवात प्रश्नापासून. 'स्पर्धकांवर लक्ष ठेवा' ही सूचना झाली, त्यातून काहीच हाती लागत नाही. जॅन हेरिंग यांनी मोटोरोलातल्या अनुभवातून एक साधी रीत रुजवली: आधी वरिष्ठांना भेटा आणि त्यांच्याकडून विषय काढून घ्या. त्यांनी तीन प्रकार केले. समोर असलेला एखादा ठोस निर्णय, ज्यांची आगाऊ सूचना मिळायला हवी अशा घडामोडी, आणि ज्यांना नीट ओळखणं गरजेचं आहे असे खेळाडू. प्रत्यक्षात ही भेट अवघड असते. वरिष्ठाला आपल्याला काय माहीत नाही हे कबूल करावं लागतं. 'पुढच्या सहा महिन्यांत तुम्ही कोणता निर्णय घेणार आहात, आणि काय कळलं तर तो बदलाल?' हा प्रश्न विचारून उत्तर मिळेपर्यंत टिकून राहणं हे कौशल्य आहे. काहीही कळलं तरी निर्णय बदलणार नसेल, तर त्या विषयावर काम सुरूच करू नये.

त्यानंतर माणसांकडून कळणाऱ्या गोष्टी. कुठेही लिहिलेलंच नाही ते यंत्र वाचू शकत नाही. विक्री प्रतिनिधीला ग्राहकाच्या कचेरीत दिसलेलं, सेवा अभियंत्याला दुरुस्ती करताना कळलेलं, प्रदर्शनात स्पर्धकाच्या दालनात कोणत्या उत्पादनाला मागचा कोपरा मिळाला ते. यातलं सगळ्यात श्रीमंत खोदकाम म्हणजे गमावलेल्या आणि जिंकलेल्या सौद्यांबद्दल ग्राहकाशी होणारी मुलाखत. 'आम्हाला का नाही निवडलंत?' असं विचारलं की समोरचा हमखास म्हणतो, किंमत. ते सभ्य उत्तर आहे, त्याने कोणी दुखावत नाही. चांगला मुलाखतकार तिथे थांबत नाही. तो म्हणतो, तुमच्या यादीत आधी किती नावं होती, पहिलं नाव कधी गळलं, त्या बैठकीला कोण होतं, मत फिरलं ते नेमकं कशावर? मग हळूहळू बाहेर येतं की प्रात्यक्षिकाच्या वेळी रात्रपाळीच्या परिचारिकेने विचारलेल्या प्रश्नाला उत्तर मिळालं नव्हतं, आणि किंमत तर आपलीच कमी होती.

आणि मग खात्री किती ते सांगण्याची बाब. सीआयएचे शर्मन केंट यांचा एक अनुभव या क्षेत्रात वारंवार सांगितला जातो, आणि तो सांगितलाच पाहिजे. १९५१ मध्ये युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का, या प्रश्नावर त्यांच्या विभागाने लिहिलं की ही 'गंभीर शक्यता' आहे. नंतर एका अधिकाऱ्याने सहज विचारलं, म्हणजे किती? केंट यांच्या मनात होतं १०० मध्ये ६५. तो अधिकारी चकित झाला, कारण त्याने ती शक्यता बरीच कमी धरली होती. मग केंट यांनी तो मजकूर एकमताने मंजूर करणाऱ्या सहकाऱ्यांना तोच प्रश्न विचारला. कोणाच्या मनात २० होतं, कोणाच्या ८०. एकाच वाक्यावर सगळ्यांनी मान डोलावली होती आणि प्रत्येकाने वेगळंच मान्य केलं होतं.

कंपन्यांचे अहवाल आजही 'शक्यता नाकारता येत नाही' अशा वाक्यांनी भरलेले असतात, आणि एआयने लिहिलेले मसुदे तर जास्तच. विश्लेषकाने आकडा द्यावा आणि मुदत द्यावी: 'येत्या १२ महिन्यांत ते या बाजारात उतरण्याची शक्यता ७० टक्के.' मग मुदत संपल्यावर काय झालं ते त्याच वहीत लिहावं. हवामानशास्त्रज्ञ ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये अशा अंदाजांना गुण द्यायची सोपी पद्धत दिली: सांगितलेली शक्यता आणि प्रत्यक्ष निकाल यांतल्या फरकाचा वर्ग. ७० टक्के म्हणालात आणि ते घडलं तर ०.३ चा वर्ग, म्हणजे ०.०९, नाही घडलं तर ०.७ चा वर्ग, म्हणजे ०.४९. आकडा जितका लहान तितकं चांगलं. वर्षभराच्या अंदाजांची सरासरी काढली की आपण किती भरवशाचे आहोत ते समोर येतं. कंपन्यांच्या विभागांत ही वही क्वचितच ठेवली जाते, आणि माझ्या मते या व्यवसायाची पत कायम डळमळीत राहण्याचं ते एक मोठं कारण आहे. हिशेब तपासनिसाच्या शब्दाला वजन आहे ते त्याच्या नोंदी तपासता येतात म्हणून. विश्लेषकाकडे तशा नोंदीच नसतील तर मंदी आल्यावर पहिली कात्री त्याच्या विभागाला लागणार, आणि लागतेही.

कुंपण कुठे आहे

यंत्रामुळे चूक करणंही सोपं झालंय, म्हणून मर्यादांबद्दल सविस्तर बोलायला हवं. जुन्या प्रकरणांत चूक ठळक होती. १९९३ मध्ये जनरल मोटर्सचे एक बडे अधिकारी फोक्सवागेनमध्ये गेले आणि जाताना गोपनीय कागद नेल्याचा आरोप झाला. १९९७ च्या तडजोडीत फोक्सवागेनने १० कोटी डॉलर दिले आणि शंभर कोटी डॉलरचे सुटे भाग जनरल मोटर्सकडून घ्यायचं कबूल केलं. २००१ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बलने नेमलेल्या लोकांनी युनिलिव्हरच्या कचऱ्यातून कागद मिळवल्याचं उघड झालं. तिथे नोंद घेण्यासारखी बाब अशी की प्रॉक्टर अँड गॅम्बलने हे स्वतः होऊन युनिलिव्हरला कळवलं आणि तडजोड केली.

आता रेषा पुसट आहेत. लिंक्डइनवरची उघडी प्रोफाइलं संगणकाने उचलणाऱ्या हायक्यू या कंपनीचा खटला घ्या. सगळ्यांना दिसणारी पानं उचलणं म्हणजे हॅकिंग ठरण्याची शक्यता कमी, असं अमेरिकेच्या अपील न्यायालयाने २०१९ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये म्हटलं. अनेकांनी तेवढंच वाचलं आणि सुस्कारा सोडला. पण त्याच २०२२ च्या अखेरीस हायक्यूने लिंक्डइनच्या वापराच्या अटी मोडल्याचा निर्णय झाला आणि प्रकरण पाच लाख डॉलरच्या हुकूमनाम्यावर मिटलं. हॅकिंगविरोधी कायद्यातून सुटलेली गोष्ट करारभंगात अडकू शकते. युरोपात मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्यानुसार, एखाद्या व्यक्तीची माहिती जाहीर असली तरी ती साठवायला आणि वापरायला कायदेशीर आधार लागतो. स्पर्धकाच्या अभियंत्यांची नावानिशी यादी करून यंत्राला त्यांच्यावर पाळत ठेवायला सांगण्याआधी हे आठवावं.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती मात्र दुसऱ्याच एका गोष्टीची. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने रिअलपेज या कंपनीवर दावा लावला. आरोप असा होता की अनेक घरमालक आपल्या भाड्याची जाहीर नसलेली आकडेवारी एकाच सॉफ्टवेअरमध्ये टाकत, आणि ते सॉफ्टवेअर सगळ्यांना भाडं सुचवत असे. स्पर्धक कधी एका खोलीत बसले नाहीत, तरी एकमेकांची गुपितं एका मध्यस्थामार्फत सगळ्यांच्या कामी आली. यापुढे विश्लेषकाला कोणतंही साधन विकत घेताना विचारावं लागेल: यात माझ्या स्पर्धकांनी दिलेली गोपनीय माहिती मिसळलेली आहे का, आणि माझी त्यांना मिळते का? एससीआयपी या संघटनेची आचारसंहिता मुलाखतीआधी आपली खरी ओळख सांगा म्हणते. तुमच्या वतीने प्रश्न विचारणाऱ्या एआय एजंटनेही तेच करायला हवं. त्याने नाव लपवलं तर जबाबदारी तुमचीच.

स्पर्धक म्हणजे कोण, आणि हा विभाग बसतो कुठे

नेटफ्लिक्सने जानेवारी २०१९ मध्ये भागधारकांना लिहिलं होतं की एचबीओ या टीव्ही वाहिनीपेक्षा आमची जास्त स्पर्धा फोर्टनाइटशी आहे, आणि तिथे आम्ही हरतोही. फोर्टनाइट हा व्हिडिओ गेम आहे. प्रेक्षकाच्या संध्याकाळच्या वेळेवर दोघांचाही डोळा. सॉफ्टवेअरला तुम्ही दहा स्पर्धकांची नावं दिलीत तर ते त्या दहांवर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवेल. अकरावं नाव सुचवणं, तेही दुसऱ्याच उद्योगातलं, हे ग्राहक कशासाठी पैसे आणि वेळ देतो याचा विचार करणाऱ्या माणसाकडून येतं.

कंपनीच्या रचनेत हे काम पांगताना दिसतं. विक्रीला लागणारी तुलनापत्रकं, म्हणजे स्पर्धकाने अमुक म्हटलं तर काय उत्तर द्यायचं, ही प्रॉडक्ट मार्केटिंगकडे जातायत आणि ती बऱ्यापैकी आपोआप तयार होऊ लागली आहेत. पुरवठादार, नियम, भूराजकीय जोखमी यांचा वेध जोखीम विभागाकडे चाललाय. उरतं ते संचालक मंडळाच्या जवळ बसणारं छोटं पथक, तीन-चार जणांचं, ज्याचं मुख्य काम प्रमुखाला न आवडणारं वाचून दाखवणं. वॉर गेम हे त्यांचं आवडतं हत्यार: आपल्याच अधिकाऱ्यांचे गट करून एकाला स्पर्धकाची भूमिका द्यायची आणि आपली नवी योजना हाणून पाडायला सांगायची. ज्या व्यवस्थापकाने अहवालातली सूचना बाजूला सारली असती, तोच स्पर्धकाच्या खुर्चीत बसला की दोन तासांत आपल्या योजनेतलं भगदाड स्वतः शोधून काढतो. कोडॅकसारखी कोंडी फोडायला यापेक्षा चांगला उपाय मला माहीत नाही, कारण इथे निष्कर्ष बाहेरून येत नाही.

एक गाठ मात्र अजून सुटलेली नाही. मुरलेला विश्लेषक तयार व्हायचा तो कंटाळवाण्या कामातून. वर्षानुवर्षं वार्षिक अहवाल वाचून त्याला एखाद्या तळटीपेची बदललेली भाषा खटकायची, शेकडो फोन करून समोरचा कुठे टाळाटाळ करतोय ते आवाजावरून कळायचं. ते काम आता यंत्र करतंय आणि नवख्यांची भरती आटतेय. दहा वर्षांनी यंत्राच्या उत्तरातली खोट ओळखणारी माणसं येणार कुठून? माझ्या मते विभागप्रमुखांनी यासाठी वेळ राखूनच ठेवायला हवा. नव्या माणसाला पहिल्या वर्षी आठवड्यातून एक दस्तऐवज अथपासून इतिपर्यंत वाचायला द्यावा, स्वतःचं टिपण लिहून झाल्यावरच यंत्राचा सारांश उघडू द्यावा, आणि दोघांत जे वेगळं निघालं त्यावर वरिष्ठाने त्याच्याबरोबर अर्धा तास बसावं. मुलाखतीचे फोन त्यालाच करू द्यावेत, अंदाजांची वहीही पहिल्या महिन्यापासून त्याच्या नावाने सुरू करावी. ज्या विभागांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटेल त्यांची वर्षाअखेरची आकडेवारी काही काळ छान दिसेल.